तिसऱ्यांदा रंगवण्याआधी : बेडरूमच्या एका ओल्या भिंतीचं प्रकरण

भिंत दोनदा रंगवून झाली होती. तिसऱ्यांदा बोलावल्यावर रंगाऱ्यानेच हात आखडता घेतला. "ताई, मी रंग मारून देईन, पैसेही घेईन, पण चार महिन्यांनी पुन्हा हेच होणार. आधी कोणाला तरी भिंत दाखवा," असं तो घरच्या ताईंना म्हणाला. त्यावरून त्यांनी मला, ओलीचं मूळ शोधणाऱ्याला, बोलावलं, आणि त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले. स्वतःचं काम सोडून एवढं सांगणारे फार थोडे भेटतात, आणि त्याच्या त्या एका वाक्यामुळे हे घर पुढच्या नुकसानीतून वाचलं.

घर दुसऱ्या मजल्यावरचं, साधारण पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेलं. नवरा-बायकोने ते विकत घेतलं तेव्हा आतून नवंकोरं दिसत होतं. विकण्याआधी जुन्या मालकांनी दोन्ही बाथरूम नव्याने करून घेतली होती आणि सगळं घर रंगवलं होतं. राहायला आल्यावर पाच-सहा महिन्यांनी मोठ्या बेडरूमच्या एका भिंतीला, स्कर्टिंगच्या वीतभर वर, रंगाला फुगे आले. मग पोपडे पडू लागले. पहिल्या वेळी खरवडून, पुट्टी भरून तोच रंग मारला. तो तीन महिने टिकला. दुसऱ्या वेळी दुकानदाराच्या सल्ल्याने ओल अडवणारा खास रंग आणला आणि त्याचे दोन हात मारले. त्याने चार महिने काढले, पण या वेळी पोपडे खाली न येता कंबरेएवढ्या उंचीवर आले. घरात सगळ्यांना वाटलं, ओल वाढली.

ओल तेवढीच होती, तिची बाहेर पडायची जागा बदलली होती. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी वाफ होऊन बाहेर पडतंच. जिथून पडतं तिथे ते विटा आणि सिमेंटमधले विरघळलेले क्षार सोडून जातं. ते क्षार रंगाच्या पापुद्र्याखाली सुकतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते वाढताना रंगाला आतून ढकलतात. खालचा भाग न श्वास घेणाऱ्या रंगाने बंद केला की पाणी विटांतून वर चढतं आणि मोकळी जागा मिळेल तिथे फुटतं. म्हणून पाण्याचं मूळ सापडायच्या आत असा रंग मारू नये, या मताचा मी आहे. तो रंग वाईट नसतो, फक्त त्याची पाळी सर्वात शेवटी येते.

नुसतं बघून काय कळलं

मी गेलो तेव्हा पहिला अर्धा तास कशालाही हात लावला नाही. ओल मोजून चार वाटांनी येते : जमिनीतून चढते, बाहेरून पावसाची झिरपते, हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते, किंवा नळ-ड्रेनेजमधून गळते. यातल्या काही वाटा नुसत्या डोळ्यांनी बाद करता येतात.

जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि ती तळमजल्यालाच लागते. दुसऱ्या मजल्यावर तिचा प्रश्न नाही. ही भिंत आतली, दोन खोल्यांमधली, तिला पाऊस लागतच नाही. छत कोरडं ठणठणीत, म्हणजे वरच्या घरातूनही काही येत नव्हतं. हवेतली वाफ जमते तेव्हा बहुधा कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळी बुरशी दिसते, पांढरे क्षार दिसत नाहीत. इथे हाताला लागत होते ते क्षारच, मिठासारखे कुरकुरीत.

तरीही वाफेची शंका पुरती जावी म्हणून एक साधी परीक्षा केली. प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीच्या आत. सकाळी प्लास्टिक आतून घामेजलेलं होतं. ही परीक्षा कोणीही घरी करू शकतं.

राहिली शेवटची वाट. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं, आणि भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे चारेक इंच जाडीची.

मग भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलो. घट्ट प्लास्टरचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा बद्द, पोकळ. जिथे आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण केली, खुणा जोडल्या आणि रेषेशेजारी तारीख लिहिली. डाग डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा रेषेतला भाग जवळजवळ दुप्पट निघाला. ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटरही लावलं. खोलीतल्या कोरड्या भिंतीवर ते १२-१३ दाखवत होतं, डागाच्या मध्यावर ४० च्या पुढे. हे आकडे पाण्याची टक्केवारी म्हणून धरू नयेत. अशी मीटरं बहुतेक लाकडासाठी बेतलेली असतात आणि भिंतीत क्षार असले की जास्तच दाखवतात. पण त्याच जागी, त्याच मीटरने, रोज घेतलेलं वाचन वर जातंय की खाली येतंय, हे मात्र खरं सांगतात.

तीन परीक्षा, तिन्ही निर्दोष

पहिली परीक्षा पाण्याच्या मीटरची. घरातले सगळे नळ बंद, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद. मीटरचा आकडा लिहून घेतला आणि दोन तासांनी पुन्हा पाहिला. काटा जागचा हलला नव्हता.

दुसरी, पाइपांची दाबपरीक्षा. प्लंबरने बाथरूमच्या गार आणि गरम दोन्ही लाइनींना हातपंप जोडला, रोजच्या दाबाच्या दीडपट दाब दिला आणि आम्ही काट्याकडे बघत बसलो. तासाभराने काटा तिथेच.

तिसरी जमिनीची. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून बाथरूममध्ये बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी भरलं आणि पातळीवर पेन्सिलची खूण केली. शेजारी त्याच पाण्यात बादली उभी करून तिच्यातही पाणी भरलं आणि आतून खूण केली. पाणी थोडंफार उडून जातंच, म्हणून बादली हवी. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढंच जमिनीवरचं उतरलं, तर जमीन धरते. ४८ तास ठेवलं. दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या.

इथे घरच्यांचा धीर सुटला. नवऱ्याचं म्हणणं, सगळं बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करू, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. आणलेल्या गवंड्याचंही तेच मत होतं. अशा वेळी बहुतेक घरं हाच निर्णय घेतात हे मी पाहिलंय. तो निर्णय बरेचदा महाग पडतो आणि तरीही चुकतो, कारण पाणी कुठून येतं हे न कळता फोडलेलं बाथरूम नव्या टाइलखाली जुनंच गळतं ठेवू शकतं.

पण पाणी भरून ठेवलेल्या त्या दोन दिवसांत एक गोष्ट घडली होती आणि ती ओलाव्याच्या मीटरच्या वहीत उतरली होती. त्या दोन दिवसांत बेडरूममधलं वाचन ४३ वरून ३९ वर आलं होतं. बाथरूममध्ये दोन दिवस पाणी साचलेलं, आणि पलीकडची भिंत मात्र थोडी सुकलेली.

मी ताईंना विचारलं, "हा डाग कधी कमी झाल्याचं आठवतं का?" त्या लगेच म्हणाल्या, "आम्ही पंधरा दिवस बाहेर होतो तेव्हा आल्यावर फिकट दिसला. आणि नणंदेकडची मंडळी राहायला आली होती त्या आठवड्यात एकदम वाढला." हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. चार दिवस वाचले असते. ओल कुठे आहे हे सगळेच बघतात, ती कधी वाढते हे त्या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. आपल्या घरी ओल दिसली तर कोणाला बोलावण्याआधी दोन आठवडे एवढंच लिहून ठेवा : आज डाग कसा, आज काय वापरलं, पाऊस होता का, पाहुणे होते का. तपासणाऱ्याच्या हातात याहून मोलाचा कागद दुसरा नसतो.

वापर वाढला की डाग वाढतो, वापर थांबला की सुकतो. पण सतत दाबाखाली असलेले पाइप पास झाले होते आणि जमीनही पास झाली होती. मग गळती अशा जागी असणार, जिथे पाणी फक्त वापराच्या वेळीच असतं. अशा दोन जागा उरल्या : शॉवरखालच्या टाइलचे सांधे, आणि मिक्सरपासून, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळापासून, वर शॉवरपर्यंत जाणारा भिंतीतला पाइपाचा तुकडा. हा तुकडा मिक्सर बंद असताना रिकामा असतो. म्हणून पाण्याच्या मीटरला तो दिसत नाही, आणि लाइनीला दिलेला दाबही मिक्सरशी येऊन थांबतो. घरोघरी होणाऱ्या तपासणीत हा तुकडा हमखास सुटतो.

दोन्ही शंका एकाच दिवशी तपासायच्या नाहीत, नाहीतर उत्तर मिळूनही कळत नाही. आधी शॉवर न वापरता, दुसऱ्या नळाला रबरी नळी लावून टाइलवर अर्धा तास पाणी सोडलं. दोन दिवस थांबलो. बेडरूममधलं वाचन हललं नाही. मग प्लंबरने भिंतीबाहेरचा शॉवरचा दांडा सोडवला आणि भिंतीतल्या तोंडाला तोच हातपंप जोडला. मिक्सर बंद. दाब दिला, आणि पंपाचा दांडा सोडायच्या आत काटा खाली यायला लागला. दोन मिनिटांत शून्य.

दोन टाइलमागे

सगळं बाथरूम फोडायचं होतं, ते दोन टाइलवर भागलं. त्या काढल्या तर आत आणखी एक टाइल. जुन्या टाइल न काढता त्यांच्यावरच नव्या बसवल्या होत्या, त्यामुळे भिंतीची जाडी जवळजवळ दोन सेंटीमीटर वाढली होती. शॉवरचा दांडा जुन्या एल्बोपर्यंत, म्हणजे पाइपाच्या काटकोनी जोडापर्यंत, पोचेना म्हणून मध्ये लांबी वाढवणारं आखूड पितळी जोड-निपल घातलं होतं. एल्बो साधा प्लास्टिकचा, फिरवून बसवायच्या आट्याही प्लास्टिकच्याच. त्यात धातूचं निपल पान्याने ताकद लावून आवळलेलं. एल्बोच्या तोंडाला केसाएवढी उभी चीर गेली होती, आणि तिच्याखालचं सिमेंट काळपट, बोटाने उकरता येईल एवढं मऊ.

मिक्सर उघडून चिरेखाली मापाचा पेला धरला. दहा मिनिटांत ६० मिलिलिटर. दोघांच्या आंघोळीचे रोजचे वीस मिनिटं धरले तर दिवसाला १२०, महिन्याला साडेतीन लिटरहून जास्त, वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस लिटर पाणी त्या अर्ध्या विटेच्या भिंतीत. एका बाजूला टाइलचे दोन थर आणि दुसऱ्या बाजूला ओल अडवणारा रंग. ते जाणार कुठे?

हे काम करणाऱ्याने मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. गळू नये म्हणूनच त्याने जास्त आवळलं असणार. पण प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचं तोंड जोर लावून फिरवलं की ते पाचरीसारखं काम करतं आणि प्लास्टिक कधीतरी उलतं, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. अशा जागी आतून पितळी आट्या असलेला एल्बोच लावावा. बाथरूमच्या एकूण खर्चात त्याचा फरक नगण्य आहे.

नवा एल्बो बसवल्यावर टाइल लावायच्या आधी पुन्हा पंप जोडला आणि काटा रात्रभर ठेवला. भिंत बुजवण्याआधीची ही एक रात्र कोणत्याही कारागिराकडे हक्काने मागावी, "उद्या दुसरीकडे काम आहे" असं तो म्हणाला तरी. उघड्या पाइपाशेजारी टेप धरून फोटोही काढून घेतले : जमिनीपासून उंची किती, कोपऱ्यापासून अंतर किती. पुढे कधी आरसा किंवा फडताळ लावताना ड्रिल कुठे मारू नये हे त्यावरून कळतं. बुजवलेल्या भागावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग टाइल. दांड्याभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरली. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातला जुना ग्राउटही (टाइलच्या सांध्यांतला भरणा) काढून तिथे सिलिकॉन घातलं, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउट तिथे चिरतोच.

सुकण्याची वाट

खरी कसोटी इथून पुढे होती. गळती थांबली, आता रंगवूया, असं घरच्यांना वाटणं साहजिक होतं. पण थांबलेल्या गळतीचं पाणी अजून भिंतीतच होतं.

पेन्सिलच्या रेषेच्या फूटभर बाहेरपर्यंत रंग, पुट्टी आणि सुटलेलं प्लास्टर काढून विटा उघड्या केल्या. विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडले. पाण्याने धुवायचे नाहीत, धुतले की ते विरघळून पुन्हा आत जातात. दर आठवड्याला नवे क्षार यायचे, ताई दर आठवड्याला झाडायच्या आणि वाचन लिहायच्या. जुना रंग काढताना एक काळजी घेतली ती इथे सांगतो. जुन्या घरांत खालच्या थरांत शिसं असलेला रंग असू शकतो, त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. म्हणून कोरडं घासायचं नाही. ओलं करून खरवडायचं, खोलीचं दार बंद ठेवायचं आणि खरवडलेलं सगळं पिशवीत भरून बाहेर काढायचं.

किती दिवस थांबायचं? बांधकामात मोघम हिशोब असा आहे की भिजलेल्या भिंतीला इंचामागे एक महिना लागतो. म्हणजे या भिंतीला चार महिने. ते ऐकून दोघांचे चेहरे उतरले. पण हा हिशोब पुरत्या भिजलेल्या भिंतीचा, आणि आपल्याकडे मोजायला मीटर होतं. ठरलं असं : वाचन कोरड्या भिंतीच्या जवळ आलं आणि सलग दोन आठवडे तिथेच राहिलं की पुढे जायचं, त्याआधी नाही. हीटर लावून भिंत भाजण्याची कल्पना मी मोडून काढली, त्याने वरचा थर सुकतो आणि आतला तसाच राहतो. खिडकी उघडी, एक पंखा भिंतीकडे तोंड करून, आणि पलंग भिंतीपासून हातभर लांब, एवढंच केलं. बुरशी दिसली नाही. ओल्या वस्तूवर ती दिवस-दोन दिवसांतही धरू शकते, म्हणून त्या भिंतीला लागून असलेली गादी आणि लाकडी कपाट पहिल्याच दिवशी हलवलं होतं.

मधे एकदा नवऱ्याचा फोन आला. घरात कार्य होतं, मंडळी येणार होती, "निदान तात्पुरतं प्लास्टर करून पांढरा हात मारू का?" मी म्हटलं, त्यापेक्षा भिंतीपुढे एखादा पडदा सोडा. त्यांनी पडदा सोडला. मला त्यांचा हा संयम फार मोठा वाटतो, उघड्या विटा बघत झोपणं सोपं नाही.

अकरा आठवड्यांनी वाचन १५ वर येऊन थांबलं आणि दोन आठवडे तिथेच राहिलं. मग प्लास्टर, त्याला सात दिवस पाणी मारणं, आणि नंतर पुन्हा चार आठवडे थांबणं. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्यावर घाईने लावलेला रंग फिका पडतो किंवा सुटतो. पुट्टी पातळ, दोन हातांत. त्यानंतर अल्कली सहन करणारा प्रायमर आणि साधा, वाफ जाऊ देणारा रंग. रंगारी तोच, ज्याने काम नाकारलं होतं.

घर घेताना हे दिसलं असतं का?

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, आणि प्रामाणिक उत्तर असं की ओल तेव्हा नव्हतीच. चीर बहुधा नुकती पडली होती किंवा पडायची होती. पण दुसऱ्या खुणा होत्या. बाथरूमच्या टाइल दाराच्या चौकटीच्या बाहेर डोकावत होत्या. उंबरठा आतून नेहमीपेक्षा बुटका वाटत होता, म्हणजे जमिनीवरही थर चढला होता. शॉवरच्या दांड्याची चकती भिंतीला नीट टेकत नव्हती. हे दिसलं की टाइलवर टाइल बसवली आहे हे ओळखावं, आणि मग मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : पाइप बदलले की जुनेच ठेवले, बुजवण्याआधी दाब दिला होता का, आणि फोटो आहेत का. उत्तर नसलं म्हणून घर सोडायला हवं असं नाही. तो खर्च आपल्या हिशोबात धरून किंमत बोलावी, इतकंच. जुनं दिसणारं बाथरूम सगळेच तपासतात. मी नव्या दिसणाऱ्याला जास्त वेळ देतो.

आता उरलं दुसरं बाथरूम. तेही त्याच हाताने, त्याच वेळी, टाइलवर टाइल लावून केलेलं, आत एल्बोही बहुधा तसाच. तिथेही शॉवरच्या तोंडाला पंप लावून तासभर ठेवलं. काटा हलला नाही. फोडून एल्बो बदलावा का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी सांगितलं, आज टाइल फोडू नका, पण त्या भिंतीच्या मागे कपाट ठेवू नका, दर सहा महिन्यांनी तिथे सुया टोचून वाचन घ्या, आणि त्या शॉवरचा दांडा कधीही बदलायला निघालात तर आधी एल्बो बदला. ताईंनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि पाइपांचे फोटो वीज-बिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवले. सहा महिन्यांनी पहिलं वाचन आलं : १३.